आमच्या घरी त्याला वात म्हणतात

"हा डबा कायले ठेवला अजून घरात? चालत नाही, बोलत नाही, नुसता जागा अडवून बसला घरजावयावानी."

शांतीबाई जुन्या लुगड्याच्या फडक्यानं माझ्या डोक्यावरची धूळ झटकत होत्या आणि झटकता झटकता पुटपुटत होत्या. इतक्या जवळून, की त्यांनी सकाळी दातांना घासलेल्या तंबाखूच्या गुडाखूचा वास माझ्या जाळीतून थेट आत आला. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. मग त्यांनी माझ्यावर विणलेला पांढरा रुमाल टाकला, त्यावर प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी ठेवली, मागे सरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता दिसते बरा. पाव्हण्यायले वाटन तिजोरी हाय."

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. एक जुना कॉम्प्युटर. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या एका घरात, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात बसलेला. माझी वायर गुंडाळून माझ्याच पाठीमागे खोचून ठेवली आहे. मला कान नाहीत. पण जाळी आहे, आणि जाळीतून धूळ येते तशी घरातली बोलणीही आत येतात आणि साठत जातात. आज या घरच्या मुलीला, रेणूला, पाहायला पाहुणे यायचे आहेत. ते येण्याआधी माझी सगळी कहाणी सांगून टाकावी म्हणतो. कारण आज या खोलीत एक शब्द उच्चारला जातो की नाही, यावर रेणूचं पुढचं सगळं अवलंबून आहे. आणि तो शब्द माझ्याइतका कोणीच पोटात वागवलेला नाही.

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांतून आले असतील, पण त्यांचा 'मी' झाला तो गोंदियाच्या बाजारात, मुन्नालालच्या दुकानात. एका भिंतीला कूलर, दुसऱ्या भिंतीला टीव्ही, मध्ये स्टुलावर मी, पोट उघडं. या घरचे लीलाधर सर तेव्हा नुकतेच नागपूरहून डॉक्टरेट घेऊन इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. त्यांनी मुन्नालालला सांगितलं, पडदा साधा चालेल, आवाजाचे डबे नकोत, पण आतली ताकद जितकी टाकता येईल तितकी टाक.

"सर, इतना दम लेके करोगे क्या? पिक्चर तो छोटे मशीन पे भी चलता है."

"हिशेब करायचा आहे."

"राइस मिल डाली क्या?"

"नाही हो. रेणूंचा हिशेब."

मुन्नालालला वाटलं, रेणू हे सरांच्या बायकोचं नाव असावं आणि बाई जरा खर्चिक असाव्यात. त्यानं पुढे काही विचारलं नाही. पाठीवर थाप मारून मला सरांच्या हवाली केलं आणि म्हणाला, "ये मशीन नहीं सर, बैल है. जोत दो, चलता रहेगा." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. सायकलरिक्षात सरांनी मला मांडीवर घेतलं होतं.

सरांचं काम काय होतं, ते मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगतो. सर मूळचे केशोरीचे, धानाच्या मुलखातले. त्यांच्या आजे-पणज्यांनी गावाचा तलाव बांधला, पाळ घातली, पाणी वळवलं. वर्गात सर विद्यार्थ्यांना म्हणायचे, "धान कापल्यावर भारे पुंजण्यात कसे रचतात, पाहिलंय ना? लोंब्या आत, बुडखे बाहेर, थरावर थर. रेणूही तसेच रचले जातात. त्या पुंजण्याला आपण स्फटिक म्हणतो. मिठाचा खडा हे एक पुंजणं, साखरेचा दाणा हे दुसरं." मग थोडं थांबून म्हणायचे, "आता गंमत पाहा. भारे तेच असतात, पण दोघा जणांनी दोन तऱ्हांनी रचले तर एक पुंजणं पावसाळी हवेत टिकतं आणि दुसरं आतून सडतं. औषधांचंही तसंच आहे. रेणू तोच, पण रचना बदलली की गोळी पोटात विरघळतच नाही."

कुठला रेणू कुठल्या तऱ्हेनं रचला जाईल, हे स्फटिक तयार होण्याआधीच गणितानं सांगायचं, हा सरांचा ध्यास होता. त्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक तराजू होता, त्याचा काटा शेजारून बैलगाडी गेली तरी हलायचा. तिथे कसला प्रयोग होणार? म्हणून सरांनी काचेची भांडी सोडली आणि मला धरलं. ते मला एक रेणू द्यायचे आणि मी तो हजार तऱ्हांनी रचून पाहायचो. प्रत्येक रचनेत कुणाचा कोपर कुणाला लागतो, कोण कुणाला ओढतो, कोण ढकलतो, ते मोजायचो. एकेक गणित आठवडाभर चालायचं. कुडव्याची वीज तेवढा वेळ थोडीच राहणार. वीज गेली की मी जिथल्या तिथे मरायचो. ती आली की सर मला उठवायचे, आणि मी पुन्हा पहिल्या थरापासून रचायला घ्यायचो. सरांनी माझ्या अंगावर कागद चिकटवला होता, 'बंद करू नये'. सरांच्या आईला, शांतीबाईंना, वाचता येत नव्हतं. घरात नसलेल्या माणसासाठी दिवा जळतो आहे असं वाटून त्या मला बटण दाबून बंद करायच्या आणि वर ओला टॉवेल वाळत घालायच्या. सर डोकं धरून बसायचे. "माय, आठवड्याचं काम गेलं व." "मंग रात्रंदिवस बैल जोततात काय? त्यालेबी सुस्तावू दे." त्यांना माझी दया येते, असं मला वाटायचं.

एक दिवस मी एका तापाच्या औषधाची रचना बरोबर सांगितली. हैदराबादेत कुणीतरी खरोखरचा स्फटिक वाढवून, त्यातून किरण सोडून पाहिलं, तर तो माझ्या पुंजण्यासारखाच निघाला. थरावर थर. मग सरांचा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. मोठ्या संस्थेचं बोलावणंही आलं. शांतीबाई म्हणाल्या, "त्याले शाल देल्ली, अन् डब्याले?" आणि दसऱ्याला त्यांनी मला झेंडूची माळ घातली, कपाळ समजून पडद्यावर कुंकू लावलं. ते कुंकू काचेच्या कडेला अजूनही थोडं आहे. तो माझ्या आयुष्यातला चांगला काळ. तो इथेच संपतो, मित्रांनो. आता पुढचं ऐका.

सरांच्या घरी मुलगी झाली. सरांनी हौसेनं तिचं नाव रेणू ठेवलं. नऊ-दहा महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली. पुरीसारखी टम्म. ती रडायची ते रडणं भुकेचं नव्हतं, झोपेचं नव्हतं. शांतीबाईंनी एरंडाचं पान शेकून बांधलं आणि म्हणाल्या, "वात हाय. आमच्या घरान्यात हाय वात. माह्या शामकलालेबी होता."

शामकला म्हणजे सरांची धाकटी बहीण. तिची आणि माझी भेट नाही. ती माझ्या आधीच गेली. मला माहीत आहे ते एवढंच की तिचे सांधे दुखायचे, डोळे पिवळे दिसायचे, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत केशोरीच्या बांधीत, शेतातल्या थंड पाण्यात वाकलेली असताना तिच्या अंगात कळा उठल्या. मग श्वास लागला. बैलगाडी अर्ध्या रस्त्यात असताना ती गेली. गाव म्हणालं, वातानं नेली.

सर तेव्हा शिकायला बाहेर होते. पुढे नागपूरला एका पुस्तकात त्यांनी रक्ताच्या पेशींचं चित्र पाहिलं. नेहमीच्या पेशी गोल, पुरीसारख्या. त्यात काही वाकड्या, विळ्यासारख्या. खाली लक्षणं दिली होती. सांधेदुखी, पिवळे डोळे, थंडीनं वाढणाऱ्या कळा, श्वास. सरांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे नाव छापलेलं होतं, सिकलसेल. ते नाव त्यांनी घरी आईला सांगितलं नाही. मेलेल्या पोरीचं दुखणं नव्यानं सांगून काय करायचं, असं त्यांना वाटलं असेल.

रेणूचं रक्त तपासायला दिलं तेव्हा डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं. आणि हेही सांगितलं, की हे आईबापांकडून येतं. एकाकडून आलं तर मूल धडधाकट दिसतं, त्याला फारसा त्रास होत नाही. दोघांकडून आलं तर मूल असं कळवळतं. त्या संध्याकाळी पुष्पांजलीबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या सरांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"लग्न ठरताना माझ्या बाबांनी सांगितलं होतं, आमच्या मावशीला थोडा वात आहे म्हणून. ते ऐकून तुम्हाला काहीच वाटलं नव्हतं?"

सर माझ्या पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर काहीच नव्हतं.

"वाटलं होतं," ते म्हणाले.

पूर्वी पुष्पांजलीबाई सरांचा चहा माझ्या कीबोर्डजवळ ठेवून पहिला घोट घेईपर्यंत थांबायच्या. त्या दिवसापासून कप ठेवायच्या आणि वळायच्या. मित्रांनो, तुम्ही विचाराल, ज्याला एवढं माहीत होतं त्यानं लग्नाआधी स्वतःच्या रक्ताचा एक थेंब का तपासला नाही? मी फार अवघड गणितं सोडवली आहेत. हे मला सुटलेलं नाही.

शांतीबाईंनी तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. मग म्हणाल्या, "हे नाव पुन्हा या घरात काढू नोको गा. वात म्हनाचं. पोरगी हाय. उद्या तिचं लगन व्हाचं हाय." सरांनी मान हलवली. त्या दिवसापासून रेणूच्या गोळ्या म्हणजे वाताच्या गोळ्या झाल्या, तिला भरपूर पाणी पाजायचं ते वातावर चांगलं म्हणून, आणि शाळेत सांगायचं, थंडीत तिला मैदानावर उभं करू नका, तिला वात आहे.

सरांनी मोठ्या संस्थेला नकार कळवला आणि कामाचा विषय बदलला. लोक म्हणाले, चांगलं चाललं होतं, मध्येच हे काय? सर म्हणायचे, रचनेचाच प्रश्न आहे, फक्त पुंजणं वेगळं. आणि खरंच तसं होतं. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं, श्वासातला प्राणवायू अंगभर वाहून नेणारं. या दुखण्यात त्याच्या लांब साखळीतला एकच मणी बदललेला असतो. तेवढ्यानं त्याच्या अंगावर एक चिकट ठिपका येतो. प्राणवायू देऊन झाला की हा ठिपका शेजारच्याच्या खळग्यात जाऊन बसतो, त्याचा ठिपका पुढच्याच्या खळग्यात, आणि असा रक्तात दोरखंड वळला जातो. दोरखंडानं पेशी वाकते, विळा होते, बारीक नळीत अडकते. मग बोट सुजतं. मग पाय. मग श्वास. जन्मभर पुंजणं नीट रचायला शिकलेल्या माणसाला आता रचू न देणारं काहीतरी शोधायचं होतं. त्या खळग्यात आधीच जाऊन बसेल आणि शेजाऱ्याला जागा देणार नाही, असा एखादा लहानसा रेणू.

मी ते सगळं काम केलं. रेणू द्यायचे सर, बसवून पाहायचो मी. हा मोठा, हा निसटतो, हा बसतो पण दुसरीकडेही चिकटतो. सरांच्या निबंधांत, भाषणांत, परदेशी लोकांशी चाललेल्या लिहिण्यात तो शब्द माझ्या पोटातून किती वेळा गेला असेल, सांगता येत नाही. सिकल, सिकल, सिकल. सालेकशाच्या आश्रमशाळेत सर मुलांना समजावून सांगायला जायचे, तेव्हाची चित्रंही माझ्यातच तयार झाली. तिथे सर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे, 'लपवू नका'. आणि घरी येऊन चपला काढता काढता विचारायचे, "रेणूचा वात कसा आहे?"

मी गरम यंत्र होतो. गणित चाललं की माझ्या पाठीमागून गरम वारा येई. पुष्पांजलीबाईंच्या ते प्रथम लक्षात आलं. हिवाळ्यात रेणूचे पाय ठणकायला लागले की त्या तिला माझ्या मागे, भिंत आणि मी यांच्या फटीत, गोधडीवर बसवायच्या. ती पाय माझ्या जाळीला लावायची. तिथेच पाढे म्हणायची, तिथेच जेवायची, माझ्यावर डोकं टेकून झोपायची. मी तिच्यासाठी रेणू शोधतो आहे हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटे, बाबांनी ही शेगडी तिच्यासाठी लावली आहे. सरांनी कधी तिला उठवलं नाही. कधी कधी गणित संपलेलं असे, तरी पाय गरम राहावेत म्हणून ते मला तेच गणित पुन्हा करायला लावत. माझ्या सगळ्या कामात नक्की उपयोगी पडलेलं काम तेवढंच.

कारण शोध लागला नाही. एकदा लागला असं वाटलं होतं. एक रेणू खळग्यात असा बसला की जसा तलावाच्या पाळीतल्या भोकाला चिखलाचा गारा. सर उठून उभे राहिले होते. त्यांनी शांतीबाईंना पेढा भरवला, आणि कशाचा पेढा ते सांगितलं नाही. हैदराबादेत त्यांच्या मित्रानं तो रेणू खराखुरा बनवला, रक्तात टाकून पाहिला. माझ्यातल्या हिशेबात पाणी थोडं होतं, माणसाच्या रक्तात पाण्याची गर्दी असते. त्या गर्दीत तो खळग्यापर्यंत पोचलाच नाही. मित्राचा फोन आला तेव्हा सर "हो, हो, बरं, बरं" एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी आणखी काही वर्षं काम केलं, पण उभे कधी राहिले नाहीत.

पुढे कॉलेजात चांगली यंत्रं आली. सरांनी मांडीवर ठेवायचा चपटा संगणक घेतला. माझा पंखा खरखरायला लागला होता, उंदरानं आत संसार मांडला होता. मुन्नालालनं एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाला, "सर, अब इसका टाइम हो गया." भंगारवाल्याला मात्र सरांनी दिलं नाही. मला पुढच्या खोलीत आणलं आणि तिथे मी राहिलो.

रेणू मोठी झाली. रोजच्या गोळीनं तिचं बरंच निभावतं, दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते. ती आता एका राइस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. बोलायला तिखट आहे. शांतीबाई तिला म्हणतात, "तुह्या जिभेले वात नाही झाला." ती नाव घेत नाही, पण तिला सगळं माहीत आहे. बापाचे निबंध तिनं माझ्यातच उघडून वाचले होते, शाळेत असताना, माझ्या मागच्या फटीतून पुढे येऊन.

मागच्या आठवड्यात याच खोलीत ती सरांना म्हणाली, "बाबा, पाहुणे येतील तेव्हा तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मी सांगतो."

"आधी सांगायचं. पसंत करून झाल्यावर नाही."

"मी सांगतो म्हटलं ना."

"आजीसमोर?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"नाही म्हणू देत त्यांना, मला चालते," ती म्हणाली. "पण माह्या मांडीवर उद्या एक लेकरू असं रडावं, अन् मी त्याला वात म्हणावं, ते मला नाही जमणार."

तिनं बोलीत शब्द वापरला की समजावं, ती आतून बोलते आहे.

तर आजचे पाहुणे. शांतीबाईंनी माझ्यावर फुलदाणी ठेवली आणि तासाभरात फाटकाशी गाडी थांबली. अर्जुनीचे उमरावभाऊ, खताचं दुकान आहे त्यांचं, चार एकर धान. सोबत त्यांची बायको आणि थोरला मुलगा हिमांशु. हिमांशु बापाच्या दुकानात बसतो, उंच आहे, लाजरा आहे. धाकटा भुपेंद्र आला नाही. पोहे आले, चहा आला. उमरावभाऊ मोकळे गृहस्थ, बशीत चहा ओतून पिणारे. माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर, तिजोरी मोठी हाय तुमची." शांतीबाई दाराआडून पदर तोंडाला लावून हसल्या.

रेणू येऊन बसली. हिमांशुनं विचारलं, "मिलमध्ये टॅलीवर हिशेब करता का?" ती म्हणाली, "हो. तुमच्या दुकानाचाही हिशेब बिघडला असेल तर आणा." तो हसला. मग तिनंही थोडं हसून घेतलं. मी पाहिलं, सर दोघांकडे पाहत होते, आणि त्यांच्या तोंडात जो शब्द तयार होता तो त्या हसण्यानं मागे गेला.

हिमांशुची आई रेणूकडे निरखून पाहत होती. "पोरगी बारीक हाय जी. डोळेबी पिवळे दिसून राहिले. तब्येत बरी राह्यते ना?"

रेणूनं सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला. तेवढ्यात, इतक्या वर्षांच्या सवयीनं, पुष्पांजलीबाई बोलून गेल्या, "थोडा वात आहे तिला. लहानपणापासून."

"हात्तीच्या," उमरावभाऊ मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मंग काय, घरचंच झालं. आमच्या भुपेंद्रलेबी वात हाय. आज तो त्याच्यानंच नाही आला, कालपासून पाय धरून बसला हाय. आम्ही भेत होतो, कसं सांगावं पोरीवाल्यायले. आता तुमचंबी तेच, आमचंबी तेच. वातवाल्या लेकराचं पथ्यपानी आमाले मालूम हाय, सर. तुमच्या पोरीले थंड पान्यात हात घालू देनार नाही."

त्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. "माह्या मनावरचा गोटा उतरला जी," ती म्हणाली.

चांगली माणसं होती, मित्रांनो. तेच फार वाईट होतं. भुपेंद्रचा वातही तोच, त्याला दोन्हीकडून आलेला, म्हणजे आईबाप दोघांच्याही रक्तात ते आहे, आणि समोर बसलेल्या धडधाकट हिमांशुच्या रक्तातही ते अर्धं असणं फार संभवतं. रेणूच्या रक्तात पूर्ण. मग या दोघांच्या प्रत्येक मुलाच्या वेळी छापा-काटा. हा हिशेब मला पंखा न फिरवता येतो. सरांना तर तो झोपेतही येतो.

उमरावभाऊंनी लगेच साखरपुड्याचं काढलं, "मंग आखाजीच्या आधी साक्षगंध करून टाकू."

"थांबा," सर म्हणाले. ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता. "त्याचं असं आहे, उमरावभाऊ. ही जी वेदना आहे ती मुळात सांध्यांची नाही. रक्तात एक प्रथिन असतं. त्याच्या रचनेत एका ठिकाणी बदल असतो. त्यामुळे प्राणवायू सोडल्यानंतर ते रेणू एकमेकांशी जोडले जातात, आणि लांब तंतू तयार होतात..."

ते बोलत राहिले. बरोबर बोलत होते. एकही शब्द चुकला नव्हता. हिमांशु मान हलवत होता, त्याची आई सरांच्या हातांकडे पाहत होती.

"म्हनजे वातच ना, सर?" उमरावभाऊंनी विचारलं.

सर थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं, आईकडे. मग खाली. मग ते बसले.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. मला तुमच्याकडून तसलं काही नको. मी भंगारात गेलो तरी कुणाच्या अंगात कळ उठणार नाही. तुमच्या घरी कुणी कळवळत असेल तर त्याच्या दुखण्याला त्याच्या नावानं हाक मारा, आणि लग्नाचं बोलणं काढण्याआधी रक्ताचा थेंब द्या, एवढंच मागणं आहे. मला ते मोठ्यानं सांगता आलं असतं तर मी आत्ताच सांगितलं असतं. माझी वायर माझ्या पाठीमागे खोचलेली होती.

रेणूनं हातातली बशी खाली ठेवली. तिनं तोंड उघडलं होतं. पण तिच्याआधी दाराआडून शांतीबाई आत आल्या. पाहुण्यांसमोर त्या कधी येत नसत. डोक्यावरचा पदर सरकला होता तो त्यांनी सावरला नाही. त्या थेट उमरावभाऊंच्या समोर जाऊन जमिनीवर बसल्या, आणि कुणाच्याही तोंडाकडे न पाहता म्हणाल्या,

"वात नाही तो, भाऊ. सिकल हाय. माही शामकला त्यानंच मेली, माह्या नातीले तोच हाय, अन् तुमच्या भुपेंद्रलेबी तोच हाय."